सांगून तुटणारं लोखंड

मेश्राम सिस्टर कुठेही निघायच्या आधी सायकल जमिनीवर आडवी पाडायच्या. उकिडव्या बसायच्या, औषधांच्या पेटीतला जाड चिमटा काढायच्या आणि सीटखालच्या दोन सळयांवर त्याच्या मुठीनं हळूच ठोकायच्या. ठोकून झालं की मान कलती करून ऐकायच्या. पोटुशी बाईच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसाच तेव्हाही. मग सळया जिथे क्लिपमध्ये आवळलेल्या असतात तिथून बोट फिरवायच्या. बोटाला गंज लागला तर तो डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या आणि मगच सायकल उभी करायच्या. कोणी घाईनं बोलवायला आलेलं असलं, अंगणात उभं राहून रडत असलं, तरी हे चुकायचं नाही. बघणाऱ्याला वाटे, ही बाई दगडाची आहे.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी वडशाची. प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती गडचिरोलीच्या आतल्या जंगलातल्या एका गावात. बस गावाच्या अलीकडेच थांबायची, पुढे पायवाट. गावात एकट्या बाईला राहता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे आरोग्य उपकेंद्रामागची सिस्टरांची खोली. त्यांनी मला ठेवून घेतलं. त्या पस्तिशीच्या असतील. उंच, सावळ्या, पांढरं लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं. नवरा लवकर वारला होता, मुलगी नागपूरला भावाकडे शिकत होती. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून त्या दीक्षेच्या गर्दीत गेल्या होत्या. त्यातलं त्यांना बाकी काही आठवत नव्हतं, फक्त बापाचे खांदे थरथरत होते तेवढं आठवत होतं. "बाप रडून राह्यला होता, मले वाटलं त्याले माझं वजन झालं," असं त्या सांगायच्या आणि हसायच्या नाहीत.

सळया ठोकण्याचं कारण मी राहायला गेल्यावर महिन्याभरात कळलं. विहिरीवर पाय धुताना त्यांनी लुगडं वर घेतलं, तेव्हा मांडीवर आत ओढल्यासारखा एक खोल व्रण दिसला. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. आधीच्या गावी असताना त्यांनी एक चकचकीत सीट घेतली होती. अल्युमिनियमच्या पांढऱ्या सळया, गंजत नाहीत, वजनाला काही नाही. दोन वर्षं तिनं कुरकुर केली नाही. मग एका सकाळी पायाळू बाळ अडलं म्हणून निरोप आला. त्या निघाल्या, गाडीवाटेच्या चाकोरीत चाक आपटलं आणि सळी एकाएकी, काडी मोडावी तशी मोडली. मोडलेलं टोक मांडीत गेलं. मागून बैलबंडी येईपर्यंत त्या वाटेतच पडून होत्या. बंडीतून त्या पोचल्या तेव्हा आई आणि बाळ दोघंही थंड झाली होती.

"त्या सळीनं सांगतलं असतं ना मले," त्या म्हणाल्या, "थोडी वाकली असती, कुरकुरली असती, तं मी सायकल टाकून पायी निघाली असती. पायी बी पोचली असती. साधं लोखंड वाकते. सांगून तुटते. ते पांढरं मरेपर्यंत गोड बोलते."

मी नवी होते, पुस्तकं वाचून आलेली. मी म्हटलं, सिस्टर, दीक्षा घेतलेल्या तुमच्या वडिलांनी तर तुम्हाला न वाकायला शिकवलं असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माणसाचं येगळं, लोखंडाचं येगळं," एवढंच म्हणाल्या आणि बादली उचलली.

त्यांनीच मला कापणी झालेल्या धानाच्या बांधीत सायकल शिकवली. मी पडले की त्या उचलायला यायच्या नाहीत. दूर उभ्या राहून म्हणायच्या, "आधी हाड पाहा, मंग माती झटक." हिवाळ्यात मी सायकल घ्यायचं ठरवलं आणि त्यांचीही सीट जुनी झाली होती, म्हणून आम्ही दोघी वडशाला गेलो. तिथे आमच्या घराजवळ रशीदभाईंचं सायकलचं दुकान होतं. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. गावात नाटकांचे दिवस होते. दुकानाच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं एकावर एक चिकटवलेली आणि रस्त्यावरून भोंगा लावलेली जीप फिरत होती. रशीदभाईंनी कौतुकानं सीटा काढून मांडल्या आणि पहिली हातात दिली ती नेमकी पांढऱ्या सळयांची.

"उचलून तं पाहा बाई. चिमणीवानी हाये."

"चिमणीवानी हाये म्हणूनच नको," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी आरशासारखी चमकणारी एक सीट घेतली, सळी नखानं खरवडली आणि या पॉलिशच्या आत काय आहे ते विचारलं. लोखंडच, रशीदभाई म्हणाले. मग ते दिसू द्या ना, सिस्टर म्हणाल्या. वरून पॉलिश असलं की आतला गंज कळत नाही, पापुद्रा निघेपर्यंत सळी अर्धी खाल्लेली असते. रशीदभाई हसले नाहीत. ते असं गिऱ्हाईक ओळखणारे होते. त्यांनी खाली बसून नीट समजावून सांगितलं. एक सीट स्प्रिंगच्या पोलादाची होती. गाड्यांच्या कमानपाट्याच्या जातीचं ते पोलाद. दबतं आणि परत जागेवर येतं, सळी बारीक असूनही टिकते. पण तिला कोणाला तापवू द्यायचं नाही, ठोकून सरळ करू द्यायचं नाही. तसं केलं की तिचा जीव निघून जातो आणि पुढे कधीतरी ती चिरते. ती सीट सिस्टरांनी माझ्या सायकलला लावायला सांगितली. मी हलकी, माझ्याजवळ पेटी नाही, मला ती पुरेल म्हणाल्या. स्वतःसाठी त्यांनी साध्या लोखंडाची, जाड सळयांची, सगळ्यांत जड सीट घेतली. वर तिच्या सळयांचा काळा रंग घासून काढायला लावला आणि रंगाऐवजी एरंडीचं तेल चोळलं. रशीदभाई म्हणाले, "बाई, लोक सीट पाहतात तं गादी पाहतात. तुम्ही पह्यल्याच, ज्यांनी गादीले हात नाई लावला."

त्या परतीच्या प्रवासात आम्ही दोघी खूप हसलो. ते मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्यानंतर तसं हसणं झालं नाही.

उन्हाळा तापला तशी तेंदूपत्त्याची फळी लागली. फळी म्हणजे ठेकेदाराचं विडीची पानं घ्यायचं ठिकाण. गावाबाहेर मोकळं मैदान, तिथे बायका-माणसं पानांचे पुडे आणून मांडतात आणि मुन्शी एकेक पुडा हातात घेऊन पास-नापास करतो. त्या वर्षीचा मुन्शी बाहेरून आलेला होता. नीटनेटका, हळू बोलणारा, हातात नेहमी एक तासलेली काठी. तो काठीनंच पुडे उलथायचा. त्याला नापास वाटलेला पुडा काठीनं बाजूला ढकलला जाई, पण संध्याकाळी तोही त्याच्याच ढिगात गेलेला दिसे. सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

बोलली ती सोमारी. गोंडाची पोर, लालसूची बायको, पोटात सातवा महिना. मी तिला ओळखत होते, कारण तिचा धाकटा दीर माझ्या शाळेत होता आणि त्याला सोडायला ती कधी कधी यायची. तिनं आपला ढकललेला पुडा परत उचलून घेतला. परीक्षा चालू होत्या, मी शाळेत होते. मैदानावरून एकदम आवाज बंद झाला, तेवढं मला जाणवलं. इतकी माणसं असलेल्या जागी तशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

तिला बाजेवर घालून उपकेंद्रात आणलं. सिस्टरांनी मला पाणी तापवायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. आतून सिस्टरांचा गोंडीतला हळू आवाज येत होता, मधूनच सोमारीचा. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या आणि लालसूला बंडी जुंपायला सांगितली. पोटातलं मूल गेलेलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, बंडीतच, सोमारी गेली. सिस्टर तिच्यासोबत होत्या. परत आल्या तेव्हा पांढरं लुगडं कमरेपासून खाली काळं पडलेलं होतं.

गावात तोवर मुन्शीनं सांगून ठेवलं होतं की पोर मोहाच्या झाडावरून पडली. पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं गेलं. फळीवर त्या दिवशी हजर असलेल्या माणसांना काही दिसलेलं नव्हतं. मातीही होऊन गेली होती. फक्त मेश्राम सिस्टर म्हणाल्या की पाठीवर आणि पोटावर काठीचे वळ होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि कोणी मारलं हे तिनं शुद्धीत असताना मला सांगितलं. त्यांनी हे एकदा सांगितलं, लिहून घ्यायला लावलं आणि वाचून सही केली. त्यांचं बघून लालसूनं जबाब दिला. एवढ्या दोघांवर ती केस उभी राहिली.

पावसाळा गेला. पानांचा हंगाम कधीच संपला होता, पण मुन्शी गावात येत-जात राहिला. जामिनावर सुटला होता आणि पुढच्या वर्षीच्या फळीची बोलणी करायला आलोय म्हणायचा. दिवाळीच्या सुमारास तो आमच्या अंगणात आला. खाट मागून घेतली, बसला, पाणी प्यायला. सिस्टरांच्या मुलीची चौकशी केली. ती नागपूरला कुठल्या वस्तीत राहते आणि कुठल्या शाळेत जाते हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे एवढंच त्याला आम्हाला कळवायचं होतं. उठताना तो भिंतीला लावलेल्या सायकलीजवळ थांबला. सीटवर हात ठेवला.

"सिस्टर, एवढ्या जंगलात एकट्या फिरता. सायकल जपून चालवत जा."

"जपतेच," सिस्टर म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी सीट ओल्या फडक्यानं पुसून काढली. त्या दिवसापासून त्या कुठूनही परत निघतानासुद्धा सायकल आडवी पाडून सळया ठोकू लागल्या. मुलीला भावाकडून हलवून दुसऱ्या एका नातेवाइकाकडे ठेवायची व्यवस्था केली. मला म्हणाल्या, तू बदली मागून घे. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या बंद झाल्या आणि कुंदा म्हणू लागल्या.

हिवाळ्यात कोर्टाची तारीख लागली. तारखेच्या आधीचा रविवार होता. सकाळी एक अनोळखी माणूस निरोप घेऊन आला. टेकडीपलीकडच्या टोल्यावर बाई अडली आहे, म्हणाला. घरवाल्याचं नाव विचारलं तर जरा थांबून सांगितलं. सिस्टरांनी सायकल आडवी पाडली, ठोकली, ऐकली. सगळं ठीक होतं. रविवार म्हणून मीही सोबत निघाले. तो माणूस वाट दाखवायला पुढे हवा होता, पण आम्ही बाहेर आलो तेव्हा अंगणात कोणी नव्हतं.

टोला म्हणजे सहा-सात घरं. आम्ही सायकली बाहेरच्या मोहाच्या झाडाखाली लावल्या आणि आत गेलो. पहिल्या घरी विचारलं, कोणी अडलेलं नव्हतं. दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. एक म्हातारी उन्हात बसली होती, तिला सिस्टरांनी गोंडीत विचारलं. तिनं मान हलवली. या टोल्यात या घडीला कोणी पोटुशीच नाही, असं ती म्हणाली. मग तिनं आमच्या मागे, झाडाच्या दिशेनं पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मी वळून पाहिलं. झाडाखाली आमच्या दोन सायकली होत्या. दुसरं काही नव्हतं. कोंबड्याही ओरडत नव्हत्या.

सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चाल. लवकर बस." त्यांच्या आवाजात भीती मी त्या एकाच वेळी ऐकली. त्यांनी सायकल आडवी पाडली नाही. तिथून बाहेर पडायचं एवढंच आम्हा दोघींच्या डोक्यात होतं.

टेकडी उतरताना रस्ता नाल्याकडे वळतो. उजव्या हाताला खोल नाला, त्यावर कठडा नसलेला पूल. सिस्टर पुढे होत्या. उतारावर त्यांनी ब्रेक धरलेला मला दिसत होता. वळणाच्या आधी एक दगड आडवा आला, मागचं चाक उडालं आणि सीट त्यांच्याखालून निघून गेली. आवाज फार मोठा नव्हता. त्यांनी हॅण्डल सगळ्या अंगानं डावीकडे ओढलं. उजवीकडे गेल्या असत्या तर नाल्यातल्या खडकांवर पडल्या असत्या. त्या डावीकडच्या मातीच्या दरडीवर आदळल्या.

मी सायकल टाकून धावले. त्यांचा खांदा विचित्र झाला होता, गळ्याजवळचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसत होतं. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी शोधू लागले तर म्हणाल्या, आधी सीट आण. मी सीट उचलून आणली. त्यांनी उजव्या हातानं ती उन्हात धरली आणि सळयांची तुटलेली तोंडं माझ्याकडे केली.

दोन्ही सळया एकाच जागी तुटल्या होत्या, अगदी क्लिपला लागून. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग सपाट होता, चकचकीत, त्यावर बारीक समांतर रेघा. उरलेला भाग तेवढा ओढून फाटल्यासारखा खडबडीत. कडेला ग्रीस आणि माती लिंपलेली होती. सिस्टरांनी ती अंगठ्यानं पुसली.

"हे लोखंड वाकल्याबिगर तुटत नाई," त्या म्हणाल्या. "आन दोन्ही बाजूनं संगच तं नाईच नाई. हे तुटलं नाई कुंदा. कापलं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, मग पेटीतली पट्टी काढायला सांगितली आणि हात गळ्यात कसा बांधायचा ते एकेक सांगत माझ्याकडूनच बांधून घेतला. सीट पेटीत ठेवायला लावली. मी दोन्ही सायकली ढकलत आणि त्या माझ्या बाजूनं चालत, असं आम्ही गावाकडे निघालो. अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, गावात कोणाला सांगायचं नाही. मी का म्हणून विचारलं.

"लालसूले कळलं तं तो कोर्टात उभा राहील का? त्याची म्हातारी माय हाये, भाऊ हाये. तो भिला तं मी त्याले काय म्हणू. म्हणून त्याले कळूच नाई द्यायचं."

गावाच्या तोंडाशी चहाची टपरी होती. मुन्शी बाकावर बसला होता. आम्हाला पाहून उठून उभा राहिला, आपली जागा सिस्टरांना देऊ केली आणि कसं लागलं म्हणून काळजीनं विचारलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. त्याच्या पायांकडे बघत राहिले. चपला स्वच्छ होत्या.

"पडली. सीट जुनी झाली होती," सिस्टर म्हणाल्या. टपरीवाल्याकडून पाणी घेऊन उभ्यानंच प्याल्या आणि पुढे चालू लागल्या.

तारखेला आम्ही बसनं गेलो. हात प्लास्टरमध्ये होता. रस्त्यानं बसमध्ये जो कोणी चढे, त्याच्याकडे मी बघत होते. लालसू मागच्या बाजूला बसला होता, धुतलेला सदरा घालून. कोर्टात सिस्टर सरळ उभ्या राहिल्या आणि जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच सांगितलं. समोरच्या वकिलांनी फिरवून फिरवून विचारलं, वळ झाडाच्या फांदीचेही असू शकतात ना. सिस्टर म्हणाल्या, फांदीचा वळ एकाच मापाचा चारदा उठत नाही. हाताला काय झालं असंही कोणीतरी विचारलं. सायकलवरून पडले, त्या म्हणाल्या. लालसूनंही सांगितलं. दोन्ही हातांनी कठडा धरून त्यानं शेवटपर्यंत सांगितलं.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. सीट पिशवीत होती, ती जजसाहेबांपुढे का ठेवली नाही, मी विचारलं. त्या पायरीवर बसल्या. थकल्या होत्या.

"इथी सोमारीचं चालू हाये. माझं मधात आणलं तं सगळे माझंच बोलतील. तिचं राहून जाईल."

लालसू बसमध्ये बसून निघून गेल्यावर मगच त्यांनी ती सीट पोलिसांकडे दिली. ठाण्यातल्या जमादारानं ती उलटीसुलटी करून पाहिली, ठेवून घेतली. तिचं पुढे काही झालं नाही. नवी सीट बसवायला आम्ही वडशाला गेलो तेव्हा रशीदभाईंनी सायकलच्या नळीवरची क्लिप पाहिली. क्लिपवरही करवतीचं ब्लेड घसरल्याच्या दोन रेघा उमटल्या होत्या. त्यांनी त्या रेघांवर बोट ठेवलं, मग सिस्टरांच्या प्लास्टरकडे पाहिलं. आतून खुर्ची आणली आणि काम होईपर्यंत दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं. निघताना एवढंच म्हणाले, "बाई, असं कोनतंच लोखंड नाई जे मानसापासून वाचवते."

"मले मालूम हाये भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "तरी चांगलंच द्या."

निकाल लागायला वेळ लागला. मुन्शीला शिक्षा झाली, पण ती मारहाणीची. मरणाची नाही. तो आत गेला आणि नेमका किती दिवसांनी बाहेर आला हे आम्हाला कोणी कळवलं नाही. आम्हाला ते कळलं ते आमच्याच डोळ्यांनी. एका सकाळी टपरीच्या बाकावर तो बसलेला दिसला. त्यानं आम्हाला नमस्कार केला. नंतर तो रोज दिसायचा असं नाही. कधी दिसायचा, कधी नाही, आणि न दिसण्याचे दिवस जास्त वाईट असायचे. मी शाळेत फळ्याकडे तोंड केलं की मागच्या खिडकीत कोणी उभं आहे असं वाटायचं. सिस्टर मात्र फेऱ्या चुकवत नव्हत्या. त्या परत येईपर्यंत मी जेवायची नाही. वाटेवर सायकलच्या साखळीचा आवाज आला की मगच चूल पेटवायची. त्यांना ते माहीत होतं. त्या नाल्याच्या पलीकडूनच घंटी वाजवू लागल्या.

मग त्यांची बदली झाली, जिवतीच्या डोंगराकडे. कोणी करवली, कशी झाली, ते कळलं नाही. त्या निघाल्या त्या दिवशी बसथांब्यापर्यंत बायका सोबत आल्या. लालसूची आई सर्वांत पुढे चालत होती आणि तिनं सिस्टरांची औषधांची पेटी डोक्यावर घेतली होती. सायकल बसच्या टपावर चढवली. मी म्हटलं, तिकडे तरी सुखानं राहा. त्या म्हणाल्या, "तिकडे बी फळी लागते." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षांत दोनदा आमची भेट झाली, दोन्ही वेळा वडशाला. केस पांढरे झाले होते. खांदा थंडीत दुखायचा. तिकडचं विचारलं की त्या चढ-उतारांचं, ज्वारीचं, दूरच्या पाण्याचं सांगायच्या. मुन्शीसारखं कोणी तिकडे आहे का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. त्या कधीतरी निघतील आणि पोचणार नाहीत, हे माझ्या मनात इतकं पक्कं झालं होतं की मी फक्त त्या बातमीची वाट बघत होते. शाळेच्या फाटकाशी अनोळखी माणूस दिसला की मी वर्ग सोडून बाहेर यायची.

ती बातमी पावसाळ्याच्या शेवटी आली. जिवतीकडच्या आरोग्य खात्याच्या जीपचा ड्रायव्हर शाळेत आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. मेश्राम सिस्टर गेल्या, तो म्हणाला. मी टेबलाची कड धरली आणि विचारलं, कुठे सापडल्या.

त्याला माझा प्रश्न कळला नाही. "सापडल्या म्हणजे? दवाखान्यातच होत्या बाई. तापानं गेल्या. मलेरिया डोक्यात चढला. पोरगी जवळ होती."

मी त्याला पुन्हा विचारलं, नक्की तापानं का. तो म्हणाला, डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, रक्ताचा नमुना तोच स्वतः घेऊन गेला होता. तापात चार दिवस होत्या. शेवटी मुलीच्या हातून पाणी प्यायल्या.

तापानं. कोणी कापून नाही, ढकलून नाही, काठीनं नाही. या जंगलात कितीतरी माणसं जातात तशा, खाटेवर, मुलीच्या शेजारी. मला आधी सुटल्यासारखं झालं. खरंच हायसं वाटलं, छातीवरचं ओझं कोणी उचलून घ्यावं तसं, आणि मी त्या ड्रायव्हरला बरं झालं म्हणाले. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्या गेल्या हे मला कळलं, आणि मी वर्गातल्या मुलांसमोर खाली बसले.